गोळे बांधलेल्या दोऱ्या गरगरा फिरवत, ढोलाच्या तालावर पाय आपटणारा तो नाच कोणता?

तो अर्जेंटिनाचा मालांबो. पांपासच्या गवताळ प्रदेशातल्या गाउचोंचा, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांचा नाच. परंपरेने फक्त पुरुषांचा. मुळात ही दोघांची चढाओढ: एकाने पदन्यास करायचा, दुसऱ्याने त्याहून अवघड करून दाखवायचा. कमरेच्या वर शरीर जवळपास स्थिर, सगळी करामत पायांत. टाच, चवडा, घोट्याची बाहेरची कडसुद्धा!

दोऱ्यांना बोलेआदोरास म्हणतात. ते मूळचं शिकारीचं हत्यार, तिथल्या आदिवासींकडून गाउचोंनी उचललेलं. आपली गोफण आठवते, पण गोफणीतून फक्त दगड सुटतो. इथे दोरीसकट सगळंच जनावराच्या पायांत भिरकावतात. डार्विनने हौसेने फिरवून पाहिलं, तर स्वतःच्याच घोड्याचा पाय अडकला आणि गाउचो पोट धरून हसले. नाचात गोळा जमिनीवर टकटक आपटतो, तोही ताल धरतो. मात्र दोऱ्या आणि ढोलांचा हा भपका मुख्यतः रंगमंचावरचा. जुना मालांबो गिटारीवरच चालायचा.

ढोलाचं नाव बोम्बो लेग्वेरो. पोकळ खोडाचा, वर केसांसकट कातडं. आवाज एक लीग, साधारण पाच किलोमीटर जातो म्हणे, म्हणून हे नाव.

अस्सल बघायचा असेल तर कोर्दोबा प्रांतातल्या लाबोर्दे गावच्या स्पर्धेचे व्हिडिओ शोधा. १९६६ पासून भरते. एकट्याचा नाच जेमतेम पाच मिनिटांचा, पण बघतानाच धाप लागते.