आप्पा, डग्लस आणि पारूमावशींचा कप

रेवा,

रविवारी जेवताना तू विचारलंस, "आप्पाआजोबा टॉमी डग्लससारखेच सोशालिस्ट होते ना? मग पारूमावशींचा कप वेगळा का?" मी आमटी वाढायला उठले. तोंडी नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितेय.

आप्पा इथे कॅनडात, सस्कॅचेवान प्रांतातल्या रिजायनाला आले होते तेव्हा त्यांना डग्लसचं, म्हणजे पाद्रीपण सोडून प्रांताचा प्रमुख झालेल्या माणसाचं, भारी कौतुक. १९४४ ची निवडणूक, त्याच्या समाजवादी पक्षाला, सीसीएफला, ५२ पैकी ४७ जागा! "शेतकऱ्यांनी पाद्र्याला निवडून दिलं?" असं विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे : दुष्काळात सरकार म्हणे तिजोरीत खडखडाट, मग लढाईला पैसा कुठून आला? लोक काय आंधळे होते?

जानेवारी १९४७ मध्ये इथे सगळ्यांसाठी हॉस्पिटलचा विमा सुरू झाला. त्याच वर्षी मे महिन्यात विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले. आप्पा तेव्हा सेवादलाच्या शाखेत जाणारं पोर. ती गोष्ट सांगताना त्यांचा आवाज अजून कापायचा. आम्ही ती ऐकायचो मागच्या पडवीत, आणि तिथेच मोरीच्या कोनाड्यात तो कप पालथा असायचा. निळ्या काठाचा, कान तुटलेला. माई वरून चहा ओतायची, मावशी पिऊन स्वतःच विसळून ठेवायच्या. मी विचारलं की माई म्हणायची, "तिचा तिला बरा." आप्पा पेपरात डोकं घालायचे.

पण त्याच आप्पांनी मावशींच्या सुरेशला मॅट्रिकपर्यंत घरी शिकवलं, फी भरली, पंगतीत शेजारी बसवलं. मुलगा पंगतीत आणि आई पडवीत, हे मला तेव्हा खटकलंसुद्धा नाही. माईचं स्वयंपाकघर, तिथे आप्पांचं काही चालायचं नाही, असं आम्ही म्हणायचो. खरंच चालत नव्हतं की त्यांना ते सोयीचं होतं?

तुझ्या डग्लसच्या प्रांतातही फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी, लोकांना प्रांतिक निवडणुकीत मत द्यायला १९६० उजाडलं. हे मी आप्पांची बाजू सावरायला सांगतेय, कळतंय मला. तुला पटलंच पाहिजे असं नाही.

माईलाही विचारायचं तर विचार, मी मध्ये बोलणार नाही. फक्त तिच्या पूजेच्या वेळेला फोन करू नकोस.

तुझी,
आई