विजयाची बाटली बॅगेत घालू नकोस

निपाणीहून तू विचारलंस, "अक्का, इंग्लंडात लीड्सला नोकरी मिळालीय. लेक सात वर्षांची, ड्रॅव्हेट सिंड्रोम, म्हणजे लहानपणापासूनचा फिटचा आजार. विजया तेलाचे, म्हणजे गांजाच्या झाडाच्या पानांच्या तेलाचे, दहा-दहा थेंब चालू केल्यापासून फिट जरा कमी आहेत. ते तिकडे चालेल का, शाळेत देतील का, आणि सगळं फुकट म्हणतात ते खरं का?" मी खानापूरहून २०१९ साली सहा वर्षांच्या मुलाला घेऊन इकडे आले, तेव्हा हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. म्हणून जरा लांबण लावते. माझ्या मुलाला लेनॉक्स-गॅस्टॉ आहे, तोही फिटचाच आजार. मी नर्स आहे, मेंदूची डॉक्टर नव्हे. औषधाचा कमी-जास्तपणा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

आधी बाटलीचं बघू. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत, म्हणून पानांचं तेल आयुर्वेदिक परवान्यावर विकलं जातं. ब्रिटनचा कायदा पानांना अशी सूट देत नाही. त्या तेलात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, असतो, आणि विनापरवाना ते आणणं गुन्हा आहे. त्यातून तुला दुबई किंवा अबूधाबीमार्गे तिकीट स्वस्त दिसेल. तिथे सीबीडीचं, म्हणजे याच झाडातल्या नशा न आणणाऱ्या कॅनाबिडिओलचं, तेलही खपवून घेत नाहीत. तिथल्या विमानतळावर बेळगावच्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून सुटू, या भरवशावर लहान लेकराला घेऊन उभा राहू नकोस.

पण म्हणून उद्यापासून तेल बंदही करू नकोस. फिटचं कुठलंही औषध एकदम तोडलं की फिट उसळतात. निघायच्या दोन-तीन महिने आधी बंगळूरच्या निम्हान्स इस्पितळात किंवा जिथे दाखवता तिथे स्पष्ट सांग, की हे तेल चालू आहे, ते कसं उतरवायचं. बरेच आईबाप डॉक्टरांपासून तेल लपवतात. लपवू नकोस, कारण कॅनाबिडिओल आणि क्लोबाझाम हे फिटचं औषध एकत्र असले की गुंगी वाढते, आणि व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या औषधाबरोबर लिव्हरवर ताण येतो.

आता थेंबांचा हिशोब. तू बाटलीचा फोटो पाठवलास त्यावर ३० मिलिलिटरमध्ये १००० मिलिग्रॅम लिहिलंय. म्हणजे एका मिलिलिटरला ३३. दहा थेंब म्हणजे साधारण अर्धा मिलिलिटर, म्हणजे १६-१७ मिलिग्रॅम. इकडे लिहून देतात ते एपिडिओलेक्स, शुद्ध कॅनाबिडिओल, एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला सुरुवातच दिवसातून दोनदा ५० मिलिग्रॅमने होते, आठवड्याने दोनदा १००, आणि गरज पडली तर जास्तीत जास्त दोनदा २००. तुझ्या लेकीला मिळतंय ते या मात्रेच्या जवळपासही नाही. फरक पडलाय असं तुला वाटतं, आणि मी ते खोटं म्हणत नाही. पण तो तेलाने पडला, की त्याच महिन्यात वाढवलेल्या क्लोबाझामने, हे मला सांगता येणार नाही, आणि तुलाही नाही.

हे औषध एनएचएसवर, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, मिळतं. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२० पासून ड्रॅव्हेट आणि लेनॉक्स-गॅस्टॉसाठी, दोन वर्षांवरच्या मुलांना, क्लोबाझामच्या जोडीने. अट अशी, की आधी दोन किंवा जास्त औषधांनी फिट आटोक्यात आलेल्या नसाव्यात. आणि दर सहा महिन्यांनी बघतात. औषध सुरू करण्याआधीच्या सहा महिन्यांच्या मानाने फिट ३० टक्क्यांनी तरी कमी झाल्या नसतील तर औषध बंद. ही आधीच्या सहा महिन्यांची अट नीट वाच, कारण तिथेच आपली माणसं अडकतात. मोजदाद कुठेच नसते. "लई येतात, मधे जरा कमी होत्या" एवढंच सांगता येतं. माझ्या सासूबाई फिट आली की कालनिर्णयच्या चौकोनात लाल पेनाने रेघ ओढायच्या, रात्रीची असेल तर रेघेला गोल करायच्या. त्यांना ते कुणी शिकवलं नव्हतं. पडण्याच्या फिट दिवसाला बारा-पंधरा असायच्या, एकेका चौकोनात जागा उरायची नाही. मी ते कॅलेंडर घडी करून बॅगेत घातलं होतं, आणि इथल्या डॉक्टरीणबाईंनी पानं उलटत सगळा हिशोब त्यावरूनच मांडला. औषधावर फिट चार-पाचवर आल्या. गेल्या नाहीत, चार-पाचवर आल्या. तू आजपासून रेघा ओढायला लाग.

सोबत ड्रॅव्हेटशी जोडलेल्या एससीएन१ए जीनचा रिपोर्ट, ईईजी म्हणजे मेंदूचा आलेख, आणि आजवरच्या औषधांची यादी आण. यादीत ब्रँड नको, मूळ नाव हवं. आपलं व्हॅल्परिन इथे कुणी ओळखत नाही, सोडियम व्हॅल्प्रोएट ओळखतात. जन्मदाखला नुसता कन्नडमध्ये असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घे. बाकीची औषधं तीन महिन्यांपेक्षा कमी, डॉक्टरांच्या पत्रासह, हातातल्या बॅगेत. आल्या आठवड्यात जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव घाल. तिथून मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांपर्यंत पोचायला महिने जातात. आणि कॅनाबिडिओल हे एकच दार नाही. ड्रॅव्हेटसाठी २०२२ पासून फेनफ्लुरामिनही मिळतं, तेही विचार.

फुकट म्हणशील तर सोळा वर्षांखालच्या मुलाची औषधं फुकट, पण तुला व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार आधीच भरावा लागेल. सध्या मोठ्यांना वर्षाला १०३५ पौंड, मुलांना ७७६. तुम्ही तिघं, तीन वर्षं, ८५३८ पौंड, एकरकमी. नर्सच्या व्हिसावर आता तो माफ असतो, मी आले तेव्हा नव्हता. आजारी मुलांसाठीचा सरकारी भत्ता मात्र तुझ्या व्हिसावर मागायचा नाही, व्हिसाच धोक्यात येईल. दवाखाना, शाळा आणि शाळेतली खास मदत त्या बंदीत येत नाही. टीएचसी असलेलं तेल नोव्हेंबर २०१८ पासून इथे तज्ज्ञ डॉक्टर कायद्याने लिहून देऊ शकतात, पण एनएचएसवर ते जवळजवळ कुणालाच मिळत नाही. खाजगीत महिन्याला शेकडो पौंड, काहींना हजाराच्या वर. त्या आशेवर घर मोडून येऊ नकोस.

शाळेबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. कॅनाबिडिओल शाळेत द्यायची वेळच येत नाही. सकाळी सात, संध्याकाळी सात, घरीच. पण रोज एकसारखं खाऊन द्यायचं. तुपातेलाच्या जेवणावर ते उपाशीपोटीच्या चार-पाचपट रक्तात चढतं. एक दिवस तूप-मेतकूट-भात, दुसऱ्या दिवशी कोरडं बिस्किट, असं नको.

शाळेत लागतं ते मिडॅझोलाम. फिट पाच मिनिटं थांबली नाही तर गालात सोडायचं. त्यासाठी दोन-तीन जणांना शिकवलेलं हवं आणि औषध कुलपात, पण चटकन हाती येईल असं हवं. २०१४ च्या कायद्याने इथल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांना आजारी मुलाला आधार द्यावाच लागतो. एखाद्या शिक्षिकेवर औषध देण्याची सक्ती नसते, तरी शाळेने कुणीतरी तयार ठेवायचं असतं. हे सगळं एका आराखड्यात लिहितात. बेळगावात आम्ही शाळेत आजार सांगितला तेव्हा "फिट थांबल्यावर आणा" असं उत्तर मिळालं होतं, म्हणून इथेही माझी छाती धडधडत होती. पहिल्या शाळेत फॉर्मवर मी सरळ "कॅनाबिस", म्हणजे गांजा, लिहिलं आणि मुलगा तीन आठवडे घरी बसला. शेवटी एपिलेप्सी नर्सने जाऊन समजावलं. तू औषधाचं नाव लिही, कॅनाबिडिओल, अपस्मारासाठी, आणि डॉक्टरांचं पत्र जोड. लपवाछपवी नाही ही, ते औषधाचं खरं नावच आहे.

आराखड्यात एक गोष्ट तू स्वतः लिही. माझा मुलगा फिटच्या आधी "आई, अंधार" म्हणायचा. बाईंना वाटायचं, तो काहीतरी गाणं म्हणतोय. मग आम्ही "अंधार" हा शब्द रोमन लिपीत, अर्थासह, वर्गाच्या दारामागे लावला. तुझी लेक मराठीत काय म्हणते, कन्नडमध्ये काय म्हणते, ते टिपून ठेव. आणि गरम पाण्याने, तापाने फिट येते हेही. इथे शाळेतून पोहायला नेतात.

तुझी आई म्हणते ना, "पोरीला गांजा पाजालास व्हय रं?" माझ्या सासूबाईंचंही हेच होतं. सौंदत्तीला यल्लम्माचा नवसही बोलून झाला होता. मी वाद घातला नाही, त्यांना सिरिंज हातात दिली आणि खुणेपर्यंत ओढायला शिकवलं. आता इथे सकाळी सात वाजले की तिकडून दुपारी व्हिडिओ कॉल येतो, "पाजलीस?"

जीनचा रिपोर्ट आणि रेघा ओढलेल्या पानांचे फोटो पाठव. रविवारी मला ड्युटी नसते. संध्याकाळी तुमचं जेवण व्हायच्या आधी फोन कर, आणि बायकोलाही जवळ बसव. रात्रीच्या फिट तीच बघते ना.