मुंबई ते न्यूअर्क: तिकिटावर साडेपाच तास, खुर्चीत सोळा

तुमच्या आईचं डिसेंबरचं तिकीट मुंबईहून रात्री १ चं आहे आणि न्यूअर्कला (अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळ) उतरायची वेळ त्याच तारखेची, पहाटे ६:३० ची. मग प्रवास साडेपाचच तासांचा का, असं तुम्ही विचारलंय. तसं नाही. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळातल्या आहेत. हिवाळ्यात न्यूअर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. साडेपाचात ते साडेदहा मिळवा, म्हणजे आईला विमानात १६ तास काढायचे आहेत. (मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार हा फरक साडेनऊ तासांचा होतो.)

अंतर सरळ रेषेत साधारण १२,५५० किलोमीटर. पण ही सरळ रेषा भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मिळत नाही. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन्ही गावांमध्ये दोरा ताणून बघा, खरंच बघा. तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलँड असा पार उत्तरेकडून जातो, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ चाटतो आणि कॅनडावरून खाली उतरतो. विमानाला मात्र हा दोरा धरून जाता येईलच असं नाही. रशियाने २०२२ मध्ये अमेरिकी कंपन्यांना आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. मग वळसा पडतो आणि किलोमीटर वाढतात. शिवाय दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो, हिवाळ्यात जास्तच. जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून येतानाचा प्रवास तास-दीड तासाने कमी भरतो.

मला खरं सांगायचंय ते औषधांबद्दल. माझी आई ७१ व्या वर्षी अशीच डिसेंबरात, जवळपास याच वेळेच्या विमानाने एकटी गेली. बीपीची गोळी रोज सकाळी आठला. मी तिला सांगितलं होतं, उतरेपर्यंत मनगटावरचं घड्याळ बदलू नकोस. कारण या विमानात दिवस उजाडतच नाही. विमान रात्रीबरोबरच पश्चिमेकडे सरकत राहतं आणि डिसेंबरात न्यूअर्कला सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास. सोळाच्या सोळा तास खिडकीबाहेर काळोख. उजेड बघून गोळी घ्यायची म्हटलं तर ती राहूनच जाईल. पहिल्या दिवसापासून तिथल्या वेळेवर गोळ्या कशा बसवायच्या, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. गोळ्या हातातल्या पर्समध्ये ठेवा, मोठ्या बॅगेत नको. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच सांगून ठेवा. आई चालती-फिरती असली तरी सांगा, कारण इमिग्रेशनच्या रांगेत तास-दीड तास उभं राहायची वेळ येऊ शकते. आणि दर दोन तासांनी उठून चार पावलं चालायला तिला बजावून सांगा.

माझ्या आईने पोचल्यावर फोन केला तो हेच सांगायला: "आठ वाजता गोळी घेतली गं. बाहेर मिट्ट काळोख होता, शेजारची मुलगी गाढ झोपलेली. पण घड्याळात आठ वाजले होते, म्हणून घेतली."