आतल्या माणसानं कंपनीचा इतिहास कसा लिहावा?

प्रश्न : आमच्या सॉफ्टवेअर कंपनीचा इतिहास लिहायचं काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आलंय. जुन्या फ्लॉप्या, काही सहकारी आणि माझी आठवण एवढंच हाताशी आहे. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची आठवण तूर्त बाजूला ठेवा. जे ‘आपल्याला ठाऊकच आहे’ तेच तपासायचं राहतं. कंपनी सेक्रेटरीकडून नोंदणीचा दाखला, नाव बदलल्याचे दाखले आणि संचालक मंडळाची इतिवृत्तं मागून घ्या आणि वर्षवार टाचण करा. नावांचा घोळ हमखास होतो. इन्फोसिसचंच पाहा : १९८१ साली पुण्यात सुरू झाली ती ‘इन्फोसिस कन्सल्टंट्स’, १९९२ साली ‘इन्फोसिस टेक्नॉलॉजीज’ झाली, २०११ पासून ‘इन्फोसिस लिमिटेड’. १९८३ च्या प्रसंगात ‘टेक्नॉलॉजीज’ लिहिलंत, तर जाणकाराचा पुढच्या पानांवरचाही विश्वास उडतो.

फ्लॉप्या घाईनं ड्राइव्हमध्ये सारू नका. सव्वापाच इंचीची कडेची खाच अपारदर्शक पट्टीनं बुजवा. साडेतीन इंचीची खिडकी उलट उघडी हवी. मग चुकून काही लिहिलं जात नाही. चकतीवर बुरशी दिसली तर ती फिरवूच नका, ड्राइव्हचं वाचणारं हेड माखतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही जातात. आधी अख्ख्या फ्लॉपीची इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये हुबेहूब नक्कल, काढा, फायली त्यातूनच वाचा.

वर्डस्टार या जुन्या लेखन-प्रोग्रॅमची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली की बऱ्याच शब्दांचं शेवटचं अक्षर भलतंच दिसतं. फाइल बिघडलेली नसते. वर्डस्टार त्या अक्षराच्या संकेतातला आठवा बिट (०-१ चा अंक) एक करून ठेवायचा. तो शून्य केला की मजकूर सरळ होतो. मराठी फाइल मात्र कोणत्या फॉन्टमध्ये टाइप केली ते कळल्याशिवाय युनिकोडमध्ये नीट येत नाही, म्हणून फ्लॉपीवरची लेबलं जपा. आणि फाइलवर १ जानेवारी १९८० अशी तारीख दिसली तर ती खरी धरू नका. घड्याळाची बॅटरी मेलेली असली, किंवा पीसीला घड्याळच नसलं, की डॉस ही तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टिम तीच तारीख लावायची.

मुलाखती एकेकट्याच्या घ्या. चौघं एकत्र बसले की साहेबांची आठवण तीच सगळ्यांची होते. ‘कोणतं साल?’ असं विचारू नका. ‘तेव्हा ऑफिस कुठं होतं, मशीन कोणतं होतं?’ असं विचारा. साल टाचणावरून लागतं.

ग्राहकाचं नाव छापायचं तर लेखी परवानगी घ्या. गोपनीयतेची अट निवृत्तीनं सुटतेच असं नाही. फसलेली उत्पादनं वगळायचा आग्रह होईल. ती का बंद पडली हे आतल्या माणसाशिवाय कुणी लिहू शकत नाही, तेव्हा त्या प्रकरणाचा मसुदा सगळ्यात आधी दाखवून मोकळे व्हा.