पोटात तारा, तरी ‘बिनतारी’?

प्रश्न असा आहे: विंड टनेलमधल्या (विमानासारख्या वस्तूच्या प्रतिकृतीवर वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यातल्या) मॉडेलच्या सेन्सरची, म्हणजे संवेदकांची, मोजमापं रेडिओने बाहेर येतात, पण मॉडेलच्या पोटात तारांचं जंजाळ असतंच. मग ‘बिनतारी’ म्हणणं चूक नाही का? ‘तारविरहित’ बरं पडेल का?

‘बिनतारी’च बरोबर आहे, फक्त ते कशाला लावता ते बघा. ‘बिनपगारी रजा’ म्हणताना पगार नसतो तो रजेचा, माणूस काही बिनपगारी ठरत नाही. ‘बिनतारी’सुद्धा तसंच निरोपाच्या वाटेचं विशेषण आहे. ‘बिनतारी तारायंत्र’ हा जुना शब्दही म्हणूनच चालून गेला: यंत्रात तारा होत्याच, दोन ठाण्यांमध्ये नव्हत्या. ‘तारविरहित’ म्हटलं की मात्र वस्तूतच तार नाही असं वाटतं.

विंड टनेलमध्ये नको असते ती नेमकी एक तार: बॅलन्स ओलांडून बाहेर जाणारी केबल. बॅलन्स मॉडेलवरचं बल मोजतो. ताठ केबल त्याला समांतर आधार देते, थोडं बल स्वतःच पेलते आणि ड्रॅगचा (हवेच्या विरोधाचा) आकडा चुकतो. मॉडेलचा कोन बदलला की केबलचा ताणही बदलतो, त्यामुळे सुरुवातीचा शून्य (वारा नसतानाचा आकडा) वजा करून ही चूक जात नाही. स्ट्रेन गेजपासून (बलामुळे होणारा बारीक ताण टिपणाऱ्या संवेदकापासून) ॲम्प्लिफायरपर्यंतच्या बारीक तारा मात्र राहणारच, बॅटरीच्याही. म्हणून ‘बिनतारी संवेदक’ऐवजी ‘संवेदकांची बिनतारी नोंद’ लिहावं. पहिला शब्दप्रयोग वाचून वायरिंगला जागाच न ठेवणारा आराखडा निघू शकतो.

मॉडेलचं धातूचं कवच रेडिओ लहरी अडवतं, म्हणून ॲन्टेनावर फायबरग्लासची खिडकी लागते. २.४ गिगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंमी, म्हणजे पाव लहरीचा ॲन्टेना ३ सेंमीच्या आसपास.

आता खरी अडचणीची जागा. ३२ चॅनल, प्रत्येकी सेकंदाला १,००० नमुने, नमुना १६ बिटांचा: सेकंदाला ५,१२,००० बिट झाले. वाटेत पॅकेट (एकत्र पाठवलेला नमुन्यांचा गठ्ठा) हरवलं तर दाबाच्या आलेखात खिंडार पडतं. म्हणून पुष्कळदा नमुने वेळेच्या शिक्क्यासह मॉडेलमध्येच साठवतात आणि वारा थांबल्यावर रेडिओने पाठवतात. तेही बिनतारीच, फक्त ‘थेट’ नव्हे. मेमरी कार्ड काढून वाचलं तर मात्र ‘बिनतारी’ म्हणू नये.

‘दूरमापन’ (टेलिमेट्री, म्हणजे मोजमापं दूरवर पाठवणं) हा पर्यायी शब्द नाही, कारण ते केबलनेही होतं. आणि ‘बिनतारी’ला लिंगवचनाचा विकार होत नाही: बिनतारी दुवा, बिनतारी नोंद, बिनतारी यंत्रं.