लेक सांडपाण्यावर काम करायचं म्हणते

साताऱ्याहून एका आईंनी लिहिलंय: ‘मुलगी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सांडपाण्यातल्या जिवाणूंवर काम करायचंय. नातेवाईक म्हणतात, एवढं शिकून गटारात हात घालणार का? आम्ही काय करावं?’

ताई, तिला अडवू नका.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातल्या एरेशन टाकीतलं (जिथे सांडपाण्यात हवा सोडतात) लिटरभर पाणी काचेच्या उभ्या सिलिंडरमध्ये अर्धा तास ठेवलं, की तपकिरी गाळ गोळे धरून खाली बसतो आणि वर नितळ पाणी उरतं. तिला हे एकदा प्रत्यक्ष बघू द्या. ती सगळी करामत जिवाणूंची. यंत्रं त्यांना फक्त हवा पुरवतात. त्यातले अमोनियावर जगणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. ते मेले, तर टाकीची घडी पुन्हा बसायला कित्येक आठवडे जातात.

याच पाण्यात आपण गिळलेली अँटिबायोटिक्स लघवीवाटे उतरतात. औषध कारखान्यांजवळ तर कहर. हैदराबादजवळच्या पाटनचेरूला सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी एका शुद्धीकरण केंद्रात येत होतं. तिथून शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडल्याचं स्वीडनच्या संशोधकांनी २००७ साली छापलं. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढं नसतं! अशा पाण्यात औषधाला दाद न देणारे जिवाणूच तगतात, आणि दाद न देण्याची ही ताकद देणारी जनुकं शेजारच्या परक्या जातीच्या जिवाणूलाही देऊन टाकतात. उद्या साध्या लघवीच्या संसर्गावर गोळी लागू पडली नाही, तर त्याचं मूळ अशा टाकीतही असू शकतं. म्हणून या कामाला हुशार मुलं हवीत असं मला मनापासून वाटतं.

आता वाट. एमएस्सीसाठी मायक्रोबायोलॉजी किंवा पर्यावरणशास्त्र घ्यावं. आयआयटीत जायचं असेल तर जॅम या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर द्यावा. पुढे संशोधनासाठी नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबईचा पर्यावरण विभाग नजरेसमोर ठेवा. संख्याशास्त्र आणि थोडं पायथन (संगणकाची प्रोग्रॅमिंग भाषा) आत्ताच शिकायला सांगा, कारण जनुकांची माहिती हाताने मोजून होत नाही. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे मी लपवत नाही.

यंदाच्या प्रोजेक्टला तिने जवळच्या सांडपाणी केंद्रात येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने घ्यावेत. प्रत्येक नमुना साध्या प्लेटवर आणि अँटिबायोटिक घातलेल्या प्लेटवर वाढवून जिवाणूंच्या वसाहती, म्हणजे प्लेटवर उठणारे ठिपके, मोजाव्यात; औषधाला दाद न देणारे किती, ते त्यातून कळतं. केंद्राची परवानगी कॉलेजच्या लेटरहेडवर मागा. आणि ताई, नमुने घ्यायला जाण्याआधी तिच्या टायफॉइड, हिपॅटायटिस आणि धनुर्वाताच्या लसी झाल्यात का, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या.