सही करू नका, आणि टिपरही घेऊ नका

प्रश्न : ताई, आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. माझे यजमान ऑगस्ट २००३ पासून खाणीवर डंपर ऑपरेटर आहेत. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा कसेबसे तगलो. पुन्हा सुरू झाल्या, पण मार्च २०१८ नंतर काम नाही ते नाहीच. नाव अजून हजेरीपटावर आहे, ले-ऑफचा अर्धा पगार येतो, तोही वेळेवर नाही. आता कंपनीचा कागद आलाय : स्वेच्छेने राजीनामा द्या, सगळं मिळून १,५७,५०० रुपये घ्या, पंधरा दिवसांत कळवा. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून त्यांचे १८,२०० होतात. ते म्हणतात, सही करतो, तुझं सोनं गहाण ठेवू आणि जुना टिपर (खनिज वाहायचा ट्रक) घेऊ, खाणी परत सुरू होताहेत. मुलगी बारावीला आहे. घराच्या कर्जाचे दोन हप्ते राहिलेत. कळंगुटला हॉटेलात सिक्युरिटीचं काम मिळत होतं, पण "राखणदार होणार नाही" म्हणाले. रात्र रात्र जागे असतात. अडवलं तर भांडण, नाही अडवलं तर सोनंही जाईल. मी काय करू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : तुमच्या पत्रातला १,५७,५०० हा आकडा मी आधी कागदावर मांडला. तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी सांखळी-डिचोलीकडच्या शाखांत, त्यामुळे असा आकडा दिसला की तो आला कुठून हे पाहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १८,२०० ला १५ ने गुणायचं आणि २६ ने भागायचं. १०,५०० येतात. ही झाली एका वर्षाची ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम. १०,५०० गुणिले १५ म्हणजे बरोबर १,५७,५००. म्हणजे कंपनीने तुमच्या यजमानांची नोकरी २००३ ते २०१८ अशी १५ वर्षंच धरली आहे, आणि देऊ केलेली रक्कम ही फक्त ग्रॅच्युइटी आहे. "सगळं मिळून" त्यात काहीही नाही.

नाव हजेरीपटावर ठेवून कायद्याप्रमाणे ले-ऑफ दिला असेल, तर तो काळ सलग नोकरीतच मोजला जातो. २२ वर्षांचे २,३१,००० होतात. फरक ७३,५०० रुपयांचा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे "स्वेच्छेने" हा शब्द. कंपनीने कामगार कपात केली तर ग्रॅच्युइटीशिवाय वेगळी भरपाई द्यावी लागते : पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. आधी हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत आहे, पंधरा दिवसांचा हिशेब तोच राहिला. तुमच्या बाबतीत ही भरपाई दोन लाखांच्या घरात जाईल. शिवाय नोटिशीचा पगार आणि साठलेल्या रजेचे पैसे. राजीनामा दिला की ती कपात ठरत नाही, आणि भरपाईचा हा हक्क एका सहीत जातो. म्हणून सही करायची नाही. कागदाला उत्तर मात्र द्यायचं, तेही लेखी : "माझी सेवा ऑगस्ट २००३ पासून आजपर्यंत सलग आहे, हिशेब तपशीलवार द्यावा." एक प्रत स्वतःकडे, पोच घेऊन.

दाद कुठे मागायची, हेही सांगते, कारण इथे लोक पणजीत राज्याच्या कामगार खात्यात हेलपाटे घालतात. खाणींचे कामगार केंद्राच्या अखत्यारीत येतात. तुम्हाला वास्कोच्या साहाय्यक कामगार आयुक्तांच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कार्यालयात जायला हवं. एकट्याने जाऊ नये. तसाच कागद आलेले पाच-सहा सहकारी तुमच्या वाड्यावर किंवा शेजारच्या गावात नक्की असतील. नेमणुकीचं पत्र, जुन्या-नव्या पगाराच्या पावत्या, ले-ऑफची नोटीस आणि पीएफचं पासबुक सोबत असू द्या.

आता टिपर. इथे मी जरा लांबण लावणार आहे.

तेजीच्या काळात टिपरच्या कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर गठ्ठ्याने यायचे. आपलं लोहखनिज कमी प्रतीचं, पण चीन ते घेत होता, आणि २०१०-११ ला गोव्यातून ५ कोटी टनांच्या वर निर्यात झाली. घरटी एक टिपर असलेले वाडे मी पाहिलेत. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. मग दारात उभ्या टिपरांच्या टायरांभोवती गवत वाढलेलं मी वसुलीला गेले तेव्हा पाहिलं. कर्ज फेडायला लोकांनी भाटं, म्हणजे माडांच्या बागा, विकल्या. ती माणसं आळशी नव्हती आणि मूर्खही नव्हती. एकाच गिऱ्हाइकावर चालणारी गाडी त्यांनी घेतली होती, आणि ते गिऱ्हाईक एका दिवसात बंद झालं.

"पण आता सुरू होताहेत ना?" होताहेत, खरं आहे. मात्र काय सुरू होतंय ते नीट बघा. २०१४ च्या निकालाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ८८ लीजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं, १६ मार्चपासून काम थांबलं. २०२२ च्या अखेरीस लिलाव सुरू झाले आणि डिचोलीच्या ब्लॉकमध्ये २०२४ ला उत्खनन सुरू झालं. जुनी लीजं संपली. नव्या लीजधारकावर जुन्या कामगाराला घ्यायचं बंधन आपोआप येत नाही, आणि बरीचशी कामं कंत्राटदारामार्फत जातात. वाहतुकीचं म्हणाल तर धूळ, रस्ते आणि शेतं यांवरून गावोगाव तंटे आहेत. मुळगावचे लोक घरं, देवळं, शेती लीजमधून वगळा म्हणून झगडताहेत, आणि त्यांचं चुकतंय असं मला मुळीच वाटत नाही. पिसुर्लेची शेतं गाळाने भरलेली मी पाहिली आहेत. अशा वेळी महिन्याला किती फेऱ्या मिळतील हे कोणीही लिहून देणार नाही. आणि जे लिहून मिळत नाही त्यावर सोनं ठेवू नये.

खाण येईलही. तुमच्या यजमानांची २००३ ची नोकरी मात्र येणार नाही. घरातला प्रत्येक निर्णय ती येणार नाही असं धरूनच घ्या. उद्या काम मिळालंच तर ते वरचं.

त्यांना हे तोंडावर सांगू नका. "राखणदार होणार नाही" यात मला अहंकार दिसत नाही. डोंगर उतरताना भरलेला डंपर ब्रेकवर सांभाळणारा हा माणूस, त्याला कोणी येऊन गेट उघडायला सांगितलं. त्याच्या हातात काय कसब आहे ते आधी मोजा. कंपनीकडून अनुभवाचा दाखला मागून घ्या, त्यात कोणतं मशीन, किती टनी, किती वर्षं हे स्पष्ट हवं. रस्त्यावरच्या अवजड वाहनाचा परवाना चालू आहे का बघा, नसेल तर हातात येणाऱ्या पैशातला पहिला खर्च तो. महामार्गांची कामं, क्रेन, एक्स्कॅव्हेटर, बस, कुंडई-वेर्ण्याच्या कारखान्यांतली मालवाहतूक, सगळीकडे मशीन हाताळणारा माणूस लागतो. पगार खाणीएवढा मिळणार नाही, हे दोघांनी आधीच मान्य करून टाका. आणि रात्रीची जाग महिनोन्‌महिने चालली असेल तर बांबोळीच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत घेऊन जा, नावाला बिचकू नका. जायला तयार नसतील तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक आहे, घरून बोलता येतं.

घराच्या कर्जाचं याच आठवड्यात बघा. ९० दिवस थकबाकी झाली की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं आणि मग शाखेतल्या माणसाच्या हातात फार थोडं उरतं. तिसरा हप्ता चुकण्याआधी तुम्ही दोघं जाऊन मॅनेजरला भेटा, ले-ऑफची नोटीस दाखवा, मुदत वाढवून हप्ता कमी करायचा अर्ज द्या. आधी आलेल्या माणसाला मी कधी रिकाम्या हाती पाठवलं नाही, आणि बहुतेक मॅनेजर पाठवत नाहीत. पीएफ टिपरसाठी काढू नका. दहा वर्षांच्या वर सेवा झाली आहे, ५८ व्या वर्षी पेन्शन लागू होते, तिच्या जोडीला ही पुंजीही शाबूत राहायला हवी.

मुलीच्या शिक्षणासाठीही सोनं काढायची गरज नाही. राज्याच्या शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजना आहे, बारावीचा निकाल लागला की लगेच चौकशी करा. गृहआधार, म्हणजे गृहिणींना दरमहा मदत देणारी राज्याची योजना, घेत नसाल तर त्याचाही अर्ज टाका.

भांडणाचं राहिलं. टिपर नको, हे तुम्ही म्हणालात तर ते बायकोचं बोलणं होईल. त्यांच्याच पाळीतला, २०१२ ला टिपर घेऊन बसलेला एखादा सहकारी घरी चहाला बोलवा आणि त्याला त्याच्या हप्त्यांचं विचारा. हिशेबाचा कागद मी वर मांडलाय तसा त्यांच्यासमोर ठेवा, आकडेमोड त्यांना स्वतः करू द्या. सही न केल्याने पावणेतीन लाखांच्या आसपास जास्त मिळू शकतात, हे त्यांच्याच हाताने निघालं की वास्कोला जायची गोष्ट तेच काढतील. कंपनीची पंधरा दिवसांची मुदत संपण्याआधी उत्तराची पोच तेवढी हातात असू द्या. ती आली की मला कळवा. पुढचा अर्ज कसा लिहायचा ते मी सांगेन.